पाचवीचं काजळ

वर्षा सिस्टर,

ओल्या कापसाचा एक बोळा घेऊन पुसून पाहायले काय झालं होतं तुले? एक बोळा! तुमच्या त्या खोलीत कापसाचे डबेच्या डबे भरलेले होते. एवढी शिकलेली तू, अन् माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईच्या बोलण्यावर हात मागं घेतला? मी ओरडली तं ओरडू द्यायचं होतं. बाजारात भाजी विकताना मी दिवसभर ओरडत असते, कोणी मनावर घेते का? तूच काहून घेतलं?

अन् आता मरून गेली! सत्तावीस वर्षांची पोरगी, चार दिवसांच्या तापात गेली. भांडायले पण ठेवलं नाही मले कोणी. म्हणून हे लिहून राह्यली. माझं अक्षर कसं आहे ते तुले माहीत आहे. दवाखान्याच्या कागदावर मी सही केली तेव्हा तू म्हटलं होतं, "मावशी, ही सही आहे, का वेलावर दोडकी टांगली?" तेच अक्षर आहे. वाचून घे.

मंगळवारी मी कांद्याचं रोप पाहायले एसटीनं चालली होती. धनजच्या स्टॅण्डवर गाडी थांबली अन् समोर फ्लेक्स. पांढऱ्या ड्रेसवरचा तुझा फोटो, खाली मोठ्या अक्षरात काही. वाचायले मले टाइम लागते, पण चेहरा ओळखायले नाही लागला. मी उठली.

कंडक्टर म्हणे, "बाई, तुमचं तिकीट पुढचं आहे."

म्हटलं, "असू दे पुढचं. उतरू दे मले."

फ्लेक्सखाली उभी राहून एक एक अक्षर लावलं. भावपूर्ण श्रद्धांजली. रविवारी पुण्यानुमोदन, आमच्यात तेरवी असते तसं. मंग एका पोराले विचारलं, घर कुठं आहे, अन् गेली. कायले गेली, ते मले तेव्हा नव्हतं माहीत. पाय गेले, मी त्याच्या मागं गेली.

तुझी आई ओट्यावर बसली होती. आत बुद्धाच्या मूर्तीजवळ तुझा फोटो, समोर मेणबत्ती. तिनं मले विचारलं, "तुमी कोण, बाई?"

"दवाखान्यातली ओळख," मी म्हटलं.

बस, एवढंच म्हटलं. तिले वाटलं मी तुझ्यासंग काम करणारी कोणी. तिनं चहा ठेवला. मी नको म्हटलं तरी ठेवला. अन् कप माझ्या हातात देऊन सांगायले लागली, "सगळं विसरली असती बाई, पण एक गोष्ट तिच्या मनातून नाही गेली. एका लेकराच्या पायाची बोटं माझ्यापायी गेली, म्हणायची. 'आई, मी पुसून पाह्यलं पाहिजे होतं.' त्या लोकायच्या घरी माफी मागायले जातो म्हणे. मीच जाऊ नाही दिलं. म्हटलं, मारतील तुले."

आणि मी चहा पीत होती, वर्षा. पूर्ण कप प्याली. बशीतला पण.

तुले मारणारं घर माझंच. माफी मागायले तू माझ्या दारात येणार होती. आली असती तं मी काय केलं असतं, हे मले माहीत आहे. दार लावून घेतलं असतं. म्हणून तुझ्या आईले पण काही न बोलता उठली, चपला घातल्या अन् आली. रोप पाह्यलंच नाही.

आता पहिल्यापासून लिहितो, कारण रविवारी हे ऐकणाऱ्या लोकायले काहीच माहीत नाही.

तीन वर्षं झाली. माझ्या रेखाचं बीपी चढलं अन् सातव्या महिन्यातच ऑपरेशन करून पोरगी काढावी लागली. किलोभराची पण नव्हती. रेखा वरच्या मजल्यावर तापानं पडलेली, जावई पुण्याले कंपनीत. काचेच्या खोलीत लेकराजवळ जायले मी एकटीच. सकाळी एकदा, सायंकाळी एकदा, हात कोपरापर्यंत धुऊन, तो हिरवा गाऊन घालून. तू म्हटलं होतं, "मावशी, गाऊन उलटा घातला." मी म्हटलं, "लेकराले काय समजते?" तू म्हटलं, "लेकराले नाही, जंतूले समजते."

तिचं तोंड नळीनं भरलेलं. आणि एक नळी बेंबीत! ते पाहून मी तुझ्या अंगावर आली होती. आमच्याकडे नाळ वाळून आपोआप पडते, ती जपून ठेवतात. अन् तुमी तिच्यातूनच नळी घातलेली. मी काय काय बोलली तुले! तू चिडली नाही. तू पेनानं माझ्या तळहातावर काढून दाखवलं. इथून रक्ताची मोठी वाट जाते, ही नळी त्या वाटेत आहे, बीपी पण हिच्यातून समजते, तपासणीचं रक्त पण हिच्यातून निघते, लेकराले टोचावं लागत नाही.

हे टोचण्याचं मले पटलं. कारण नळी घालायच्या आधी पहिल्या दिवशी तिच्या टाचेतून रक्त काढताना मी काचेतून पाह्यलं होतं. ती रडली. आवाज नाही! तोंडात नळी असल्यावर आवाज निघत नाही म्हणे. नुसतं तोंड फाकलेलं, कपाळाला आठ्या, अन् काही ऐकू येत नाही. मी तीन लेकरं वाढवली, एक पुरलं, पण बिनआवाजाचं रडणं कधी नव्हतं पाह्यलं. तेव्हापासून ती बेंबीतली नळी मले देवासारखी वाटायले लागली.

तू सांगतलं होतं. मी नाही म्हणणार नाही, तू सगळं सांगतलं होतं. "मावशी, ही नळी चांगली आहे, पण पाहुण्यासारखी. जास्त दिवस राह्यली की घर बिघडवते. कधी आत रक्ताची गाठ होते, कधी जंतू शिरतात. खालच्या बाजूला रक्त कमी पडलं तं पायाची बोटं आधी सांगतात. निळी पडतात, नाहीतर पांढरी. म्हणून मी घडीघडी बोटं पाहते."

म्हटलं, "मंग किती दिवस ठेवता?"

"काम आहे तेवढे दिवस. पाच दिवस म्हणजे लय झाले."

आता काजळाचं. ते माझं एकटीचं पाप आहे, त्याच्यात तुझा वाटा नाही.

दिव्यावर धरलेलं घरचं काजळ मी डबीत घेऊन आली होती, कमरेच्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी कपाळाला लावायले गेली तं तू हात धरला. "इथं काजळ नाही चालत." मी म्हटलं, "डोळ्यात नाही घालत, माय. तळपायाले लावते, नजर नाही लागत." तू म्हटलं, "तळपायाले पण नाही." तरी मी लावलं. तू पुसलं. परत लावलं. तू परत पुसलं. चौथ्या दिवशी तू हसून हात जोडले, "बरं आजी, तुमी जिंकल्या. एका तळपायाले, तिळाएवढं. पण बोटायले लावू नका. बोटं मले पाहायची असतात."

ऐकलं होतं मी. बहिरी नाही मी.

पण पाचवा दिवस उजाडला. आमच्यात पाचवी म्हणजे काय ते तुमच्या घरी मानत नाहीत, चांगलं करतात. आमी मानतो. पाचव्या दिवशी सटवाई येते, लेकराच्या कपाळी लिहून जाते. घरी असती तं मी पाटा मांडला असता, पूजा केली असती. दवाखान्यात पाटा कुठं आणू? माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं.

अन् नेमकं त्याच दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडले आले तेव्हा तू म्हटलं, "सर, पाच दिवस झाले. बेंबीची नळी आज काढून टाकू."

मी दारातच होती. मी आत घुसली. "काढायची नाही! पाचवीच्या दिवशी लेकराच्या बेंबीले हात लावता? अन् काढल्यावर काय, पुन्हा टाचा टोचणार? ते रडणं मी पाहणार नाही!"

"मावशी, बाहेर थांबा," तू म्हटलं.

"तू चूप. पोटी एक लेकरू नाही तुले, तू मले शिकवते?"

हे मी म्हटलं. सगळ्यायसमोर म्हटलं. तुझं लग्न पण नव्हतं झालं तेव्हा.

डॉक्टरनं माझ्याकडे पाह्यलं, मशीनकडे पाह्यलं, कागद पाह्यले. म्हणे, "अजून मशीनवर आहे. रक्त वारंवार लागेल. हातात दुसरी नळी घालणं कठीण आहे. उद्या सकाळी पाहू." तू म्हटलं, "सर, पाच दिवस..." ते म्हणे, "उद्या." अन् पुढच्या लेकराच्या पेटीकडे गेले. मी तुझ्याकडे अशी पाह्यली, जशी कुस्ती जिंकली.

सायंकाळी मी आत आली तेव्हा तू दुसऱ्या लेकराजवळ होती. पाचवीची वेळ. मी डबी काढली. दोन्ही पायाले लावलं, अन् दाबून लावलं. तिचा पाय केवढा? तुरीच्या शेंगेएवढा. माझा अंगठा वांगी तोडून जाड झालेला. तळपाय अन् बोटं काय वेगळी राहतात त्याच्यात? सगळंच काळं झालं. मले दिसलं. मी म्हटलं, जाऊ दे, आज जास्तच पायजे.

मी बाहेर येऊन चपला शोधत होती तं तू दारातून हाक मारली.

"मावशी, उजव्या पायाची बोटं काळी दिसतात. काजळ लावलं का बोटायले?"

"हाव, लावलं!"

"पुसून पाहते मी."

"पुसू नको! पाचवी हाये आज. पुसलं तं तुले माझ्या पोरीची शपथ आहे!"

आत्ता वर काय लिहिलं मी? एक बोळा घेऊन पुसायले काय झालं होतं तुले, असं लिहिलं. खोडणार नाही. राहू दे. अशीच आहे मी, लोकायनी पाह्यलं पायजे. तुले काय झालं होतं? मी शपथ घातली होती, हे झालं होतं.

तू थांबली. तू डाव्या पायाकडे पाह्यलं असशील, तो पण काळाच होता, कारण त्याले पण मीच फासलं होतं. आठ वाजता तुझी ड्यूटी संपली. पुढच्या सिस्टरले तू सांगून गेली, आजीनं काजळ लावलंय, नीट लक्ष ठेव. तिनं ऐकलं, काजळ. सकाळी डॉक्टरनं स्वतः स्पिरिटनं पुसलं. डाव्या पायाचं निघालं. उजव्याचं काजळ निघालं, अन् खालचं काळं तसंच राह्यलं.

नळी त्याच मिनिटाले काढली. औषधं चालू केली. पाय वाचला. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट नाही वाचलं. महिन्याभरात वाळून गेली.

बोटं काळी निघाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जावई आला. त्याच्यासंग त्याचे चार दोस्त. डॉक्टरच्या खोलीत आरडाओरडा. तुले बोलावलं. तू एवढंच म्हटलं, "मी विचारलं होतं. मावशींनी सांगितलं काजळ आहे."

सगळे माझ्याकडे वळले. जावई, त्याचे दोस्त, डॉक्टर. रेखाले चाकाच्या खुर्चीवर आणलं होतं, ती पण.

मी म्हटलं, "मले कोणी काही नाही विचारलं."

किती सोपं निघालं ते तोंडातून! भाजीचा भाव सांगितल्यासारखं. तू माझ्याकडे पाह्यलं. मले वाटलं आता ही शपथेचं सांगते. डबीचं सांगते. डबी तं माझ्या कमरेलेच होती, हात घातला असता तं सापडली असती. तू नाही सांगितलं. काहून नाही सांगितलं, वर्षा? माझी दया आली का? का तुले वाटलं की म्हातारी स्वतःच तोंड उघडेल? मी म्हातारी नव्हती तेव्हा. अठ्ठेचाळीसची होती. तोंड पण धड होतं.

रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं की सिस्टरनं बोटं तपासली नाहीत. तुझी सही घेतली. महिना भरला अन् तू तिथून गेली. तुझी आई सांगत होती, नंतर कारंज्याच्या दवाखान्यात लागली, पण म्हाताऱ्यायच्या वॉर्डात. लहान लेकरायच्या खोलीत पाय नाही ठेवला पुन्हा.

आमची ओवी आता तीन वर्षांची आहे. तुले हे कोणी कळवलं का? धावते. पडते, शिव्या देते, उठते. माझ्यावर गेली. चप्पल पायातून निसटते म्हणून तिले बुटंच घालतो. कोणी विचारलं की रेखा सांगते, "एका सिस्टरनं वाट लावली." तीन वर्षं सांगून राह्यली. मी बाजूलेच बसलेली असते, मेथी निवडत.

मंगळवारी घरी आली अन् रेखाले फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात, जसं आता लिहिलं.

रेखा म्हणे, "मी त्या सिस्टरले तीन वर्षं शिव्या दिल्या, माय. तू ऐकत होती?"

"हाव."

"सगळ्या?"

"सगळ्या."

फोन कटला. मी तो मांडीवर ठेवून बसली. तासाभरानं वाजला. "रविवारी मी येतो. ओवीले घेऊन येतो. तिच्या मायसमोर तू सांगशील, मी नाही. समजलं?" म्हटलं, समजलं. पोरगी माझीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेली. बाहेर बाकावर बसून बसून पाय सुजले, पण डॉक्टरले भेटल्याशिवाय उठली नाही. त्यायले सांगितलं. ते चष्मा काढून बसले. तू गेली हे त्यायले माहीत नव्हतं.

म्हणे, "मावशी, एक सांगू? तुम्ही ओरडल्या म्हणून मी नळी ठेवली नव्हती. माझा अंदाज होता, एक दिवस चालेल. ती म्हणत होती काढा. तो निर्णय माझा होता."

माझं मन हलकं व्हायले पायजे होतं ना हे ऐकून? नाही झालं. उलट राग आला. म्हटलं, "तुमचा होता तं तिच्या नावावर कसा लिहिला?"

त्यायनी चष्मा परत लावला. मंग म्हणे, "आता आमी रोज सकाळी प्रत्येक पेटीजवळ उभं राहून विचारतो, आज ही नळी कशासाठी पाहिजे? उत्तर नसलं तं त्याच दिवशी काढतो."

"हे पहिल्यांदा कोणी विचारलं होतं?"

"वर्षानं," ते म्हणे.

"मंग ते लिहून द्या."

"तीन वर्षं झाली, मावशी. विचार करतो."

विचार! विचार करायले त्यायले तीन वर्षं होती, मले पण होती. आमी दोघांनी मिळून काय केलं? एका पोरीले कुढत ठेवलं. तापानं नेलं तुले, हे मले समजते. तेवढी अडाणी नाही मी, की म्हणेन माझ्या खोटेपणानं मेली. पण जगली तेवढे दिवस कशी जगली, त्याच्यात माझा हात आहे. तो कोणत्या स्पिरिटनं पुसू?

माफी नाही मागत. ती द्यायले तू नाहीस, अन् तुझ्या आईजवळ मागायची तं आधी तिले खरं माहीत पायजे. म्हणून शब्द देतो, वर्षा: रविवारी तुझ्या फोटोसमोर उभी राहून हे पत्र मी स्वतः वाचीन. अडखळत वाचीन, पण दुसऱ्याच्या हातात देणार नाही. "तू चूप" म्हटलं होतं तेही वाचीन. ऐकून तुझ्या आईनं मले हाकललं तं जाईन. मारलं तं खाईन.

अन् डॉक्टरच्या टेबलावर जी चिठ्ठी ठेवून आली, ती तुले पण माहीत असावी म्हणून खाली उतरवून घेतो. तिच्यात एवढंच आहे:

"डॉक्टर साहेब, सिस्टर वर्षानं नळी पाचव्या दिवशी काढा म्हटलं होतं, तुमी ठेवली. तिनं बोटायचं विचारलं होतं, मी पुसू दिलं नाही अन् मंग खोटं बोलली. हे तुमच्या सहीनं, दवाखान्याच्या कागदावर पायजे. रविवारी तिच्या मायच्या हातात द्यायचं आहे. देता का नाही, ते शनिवारी दुपारी बारा वाजेपर्यंत मले तोंडावर सांगा. मी बाकावर बसलेली राहीन."

सुमन
ओवीची आजी, शेलूबाजार